वाघदरवाडीची ओटी

तुंगार्ली, लोणावळा
१२ नोव्हेंबर २०२५

माधवीवहिनी,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुंगार्लीहून खंडाळ्याला पत्र! उद्या पोस्टातल्या बाई पत्ता वाचून म्हणतील, "अहो, रिक्षानं गेलात तर पत्राच्या आधी पोहोचाल." म्हणू देत. फोन केला तर दादा उचलणार आणि दादाशी मी पहिल्या मिनिटात भांडणार, हे तुला ठाऊक आहे. व्हॉट्सॲप उघडलं तर वर आपलं शेवटचं बोलणं दिसतं, ते मला पुन्हा वाचायचं नाही. राहिलं पत्र.

हे पत्र भांडणाबद्दल नाही, आधीच सांगते. कामाचा एक प्रश्न आहे, आणि तो विचारायला माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय दुसरी बाई नाही. आई गेली तेव्हा मी सातवीत. लग्न रजिस्टर. सासूबाई कामगार चळवळीतल्या, त्यांच्या घरी हळदीकुंकू म्हटलं की भाषण व्हायचं. त्यामुळे या बाबतीत मी ठार अडाणी आहे. प्रश्न असा: कुणी आपली ओटी भरली, म्हणजे ते "हो" म्हणाले की "नाही" म्हणाले?

हसू नकोस. पूर्ण ऐक.

मी कामशेतच्या पुढे विद्यापीठाच्या घाटमाथा संशोधन केंद्रात लागले, एवढं दादाकडून तुला कळलं असेल. पद आहे "प्रमुख, समुदाय आणि भागीदारी विकास". नाव इतकं लांब, की कार्डावर फोन नंबर मागच्या बाजूला छापावा लागला. काम म्हणजे शास्त्रज्ञ आणि गावं यांची सोयरीक जुळवायची. शास्त्रज्ञांना डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी वर्षभर मोजायचंय. झरे गावांचे. तेव्हा गावानं ग्रामसभेत ठराव करायचा, करारावर सही करायची, मग तिथे यंत्रं बसणार आणि गावातलीच माणसं रोज नोंदी घेणार. नाणे मावळातलं वाघदरवाडी हे त्यातलं पहिलं गाव. ते हो म्हणालं तर बाकीची येतील. नाही म्हणालं तर केंद्राला पुढची तीन वर्षं मिळणं कठीण आणि मला पुढचा महिनासुद्धा. या नोकरीवर मी उभी आहे, वहिनी. दुसरं काही नाही माझ्याकडे.

सहा महिने मी त्या गावात जातेय. बारशाला गेले, दहाव्याला गेले, भात लावायला चिखलात उतरले आणि बदकन बसले, गाव अजून ते आठवून हसतं. शालूबाई म्हणून तिथल्या माजी सरपंच आहेत, त्यांच्या ओसरीवर मी इतका चहा प्यायलेय की माझा कप वेगळा ठरलाय. पण "हो" म्हणून कुणी म्हणेना. "बघू", "सांगतो", "समद्यांनी बसून ठरवू." नाही म्हणून पण म्हणेनात.

परवा अचानक शालूबाईंनी हाताला धरून आत नेलं. पाट मांडलेला. दहा-बारा बाया जमलेल्या. मी पंजाबी ड्रेसमध्ये. "पदर न्हाई व्हय? बरं, वढनीत घे," म्हणाल्या आणि खण, नारळ, हळकुंड, सुपारी, वर या सुगीचा इंद्रायणी तांदूळ, अशी माझी ओटी भरली. मी आधीच सांगून टाकलं, की मी एकटी राहते, नवरा आहे पण नाही. तर म्हणाल्या, "तुझा नवरा कशाला मधी आनतीस? ओटी तुझी हाय."

वहिनी, मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू. शालूबाई ताट तसंच पुढे धरून उभ्या होत्या. मी ताटाला नमस्कार केला, सगळ्यांबरोबर फोटो काढला आणि ओढणी सांभाळत गाडीत बसले. रात्री त्या तांदळाचा भात लावला, सगळा मजला घमघमला. आणि सकाळी संचालकांना सांगून टाकलं, की गाव तयार आहे.

आता वाटतंय, घाई केली का? तू सांग. एका ओळीत सांगितलंस तरी चालेल.

सुनेत्रा

—

तुंगार्ली
१९ नोव्हेंबर

माधवीवहिनी,

पत्र मिळालं नसेल असं धरून चालते. मिळूनही गप्प असशील तर ते माझ्या पहिल्या प्रश्नासारखंच झालं, हो की नाही काही कळायला मार्ग नाही.

इकडे सावळा गोंधळ आहे. आमचे संचालक श्रीयश सर माझ्याहून सात वर्षांनी लहान, हुशार, मनानं चांगले, पण त्यांना प्रत्येक गोष्ट आकड्यात लागते. मी ओटीचं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे साधारण किती टक्के होकार?" मी काय सांगणार? म्हटलं, ऐंशी. का म्हटलं देव जाणे. तासाभरात तो फोटो केंद्राच्या संकेतस्थळावर: मी लाल डोळ्यांची, ओढणीत नारळ, खाली ठळक अक्षरांत "वाघदरवाडी आमच्यासोबत". करारावर सह्या करायची तारीखही ठरली. सहा डिसेंबर.

आमच्याकडे समन्वयक म्हणून यशोधरा आहे, वाघदरवाडीच्याच खालच्या वस्तीतली, समाजकार्यात एमए केलेली. तिनं तारीख वाचून नुसतं माझ्याकडे पाहिलं. सहा डिसेंबर! तिची अख्खी वस्ती त्या दिवशी चैत्यभूमीला असते. आणि मी समुदाय विभागाची प्रमुख! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारीख चौदावर ढकलली.

मग तिला ओटीचं विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्यात ओटी भरत नाहीत, मला त्यातलं विचारू नका. पण गावात कुणी हो म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि आमच्या वस्तीला तर अजून कुणी विचारलंही नाही. आम्हाला विचारा, आम्ही हो असेल तर हो म्हणू, नाही असेल तर नाही म्हणू. त्यात काय एवढं?"

बरोबर आहे तिचं. पण मला त्या क्षणी तिचा रागच आला.

कार्यालयात आता दोन तट पडलेत. हिशेब बघणारी तेजल म्हणते, "मॅडम, साखरपुड्यात मुलीची ओटी भरतात, म्हणजे ठरलं. पेढे सांगा." आमचे ड्रायव्हर हनुमंतभाऊ म्हणतात, "लेक सासरी निघाली का भरत्यात. तुमची बोळवण केली मॅडम त्यांनी. ग्वाड बोलून." दोघंही इतक्या ठामपणे बोलतात की जो शेवटी बोलेल त्याचं मला पटतं. जेवायच्या सुट्टीपर्यंत होकार असतो आणि चहाच्या वेळेला नकार.

तुला यातलं सगळं कळतं. तू एक ओळ लिहिलीस तर काय बिघडेल?

सु.

—

तुंगार्ली
२७ नोव्हेंबर

वहिनी,

काल कराराचा मसुदा घेऊन वाघदरवाडीला गेले. काय झालं ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आधी यशोधराबरोबर खालच्या वस्तीत गेले, विहारात बसलो. तिथे पंधरा मिनिटांत उत्तर मिळालं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मागं बी लोक आलते. बाटल्या भरभरून पानी न्हेलं. उन्हाळ्यात तुमचीच मान्सं न्हेऊन गेली. त्या पान्याचं पुढं काय झालं? आमी तेच पानी पितो. आदी ते सांगा, मंग आमचं हो हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वहीत लिहून घेतलं, म्हटलं विचारते. इतकं सरळ उत्तर मिळालं की मला ते उत्तर वाटलंच नाही, बघ.

मग वर गावात. झोडणी चालू आहे, सगळे खळ्यावर. दत्तोबाआबा सरपंच आहेत, नेहमी लांबून हाक मारणारे. काल म्हणाले, "या," आणि भाताच्या पेंढ्या मोजायला लागले. शालूबाईंनी चहा दिला. पाहुण्यांच्या कपातून, वहिनी! माझा कप फळीवर दिसत होता. मी तो बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि नजर फिरवली.

मी म्हटलं, "मावशी, काही चुकलं का?"

"न्हाई गं बाई. सुगीचे दिस. येळ न्हाई कुनाला."

"मग त्या दिवशी ओटी भरलीत..."

"भरली की," त्या म्हणाल्या. "आन तू घिऊन गेलीस की." आणि भुशाच्या पाट्या उचलायला निघून गेल्या.

मी ओसरीवर एकटीच. कराराच्या प्रती मांडीवर. एवढ्या मोठ्या गावात मी पहिल्यांदाच परकी झाले. येताना हनुमंतभाऊ जिंकल्यासारखे गाडी चालवत होते.

काल रात्रभर एकच विचार. घेऊन गेलीस की. अगं, दिलं म्हणून घेतलं ना? मग दिलंत कशाला?

आणि मग, आता लिहूनच टाकते, खंडाळा आठवलं. आठवलं कसलं, रोज आठवतं. मी घर सोडून बॅग घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा दोन पावसाळ्यांपूर्वीचा जून होता. तिसऱ्या दिवशी दादानं बाबांच्या जागेच्या हक्कसोडीचा कागद पुढे ठेवला. मी सही केली. मला जागा नकोच होती गं, पण दादाला दुसरा दिवस निवडता आला असता की नाही? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू नवी साडी हातात घेऊन आलीस, "बस पाटावर" म्हणालीस आणि माझी ओटी भरलीस. घरातल्या वडीलधाऱ्या म्हणून आत्याबाई खुर्चीत तोंड वाकडं करून बसलेल्या. मला काय वाटलं असेल सांग? सही झाली, आता साडीचोळी करून बोळवण. मी ओटी घेऊन तशीच उठले, बॅग उचलली आणि "जाते" म्हणाले. तू ताट घेऊन दारापर्यंत आलीस, हातात ते धरूनच उभी, मी वळले की लगेच घासायला टाकायचं असल्यासारखी. मी फाटकाबाहेर पडले तरी तू आत गेली नव्हतीस, एवढं मात्र दिसलं.

गंमत बघ. तुझी ओटी मी "जा" समजले आणि वाघदरवाडीची "हो". तीच हळद, तोच नारळ. मी कशावरून ठरवलं? मला जे हवं होतं ते तिथे ऐकलं आणि ज्याची भीती होती ते तुझ्याकडे ऐकलं, असं तर नसेल? मला काही कळेनासं झालंय.

तू तेव्हा "जा" म्हणाली होतीस का? हा खरा प्रश्न. कामाचा प्रश्न नंतरचा.

सुनेत्रा

—

खंडाळा
१ डिसेंबर

सुनेत्रा,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. शाळेच्या परीक्षा चालू आहेत, म्हणून उशीर.

सही ह्यांनी घेतली. ओटी मी भरली. ती दोन माणसं वेगळी आहेत. आत्याबाई म्हणत होत्या, नवऱ्याला सोडून आलेलीची ओटी कसली भरतेस. मी भरली.

तुझा कामाचा प्रश्न. ओटी म्हणजे हो नव्हे आणि नाही नव्हे. ओटी भरली की घेणारी त्यातले चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकते, मग उठते. सगळं घेऊन जात नाहीत. थोडं मागे ठेवतात, म्हणजे येणंजाणं राहतं. भरणारी त्यासाठीच ताट धरून उभी असते.

त्यांनी ताट धरलं होतं का? मी धरलं होतं.

माधवी

—

तुंगार्ली
५ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, चक्कर आली का? म्हटलं, हो.

ताट धरलं होतं. अगदी माझ्या नाकासमोर. आणि मी त्याला नमस्कार केला! सहा महिने गावात घालवलेली, कार्डावर नाव मावत नाही अशी बाई, आणि बारा बायांच्या समोर ओढणी भरून सगळंच्या सगळं घेऊन चालती झाली, वर फोटो काढून. त्या काय म्हणाल्या असतील माझ्या मागे! "घिऊन गेलीस की." दुसरं काय म्हणणार?

आणि तू. तू किती वेळ उभी होतीस गं दारात? हे विचारवत नाही, पण विचारतेय.

तुझ्याबद्दल पुढे लिहिते, आधी हे सांगू दे, नाहीतर मला नीट बोलता येणार नाही.

डब्याच्या तळाशी त्या इंद्रायणी तांदळाचा मूठभर दाणा उरला होता, नशीब माझं. परवा तो रुमालात बांधून यशोधराबरोबर वाघदरवाडीला गेले. करार नेला नाही. शालूबाई सूप घेऊन अंगणात पाखडत होत्या. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, समोर गेल्यावर सगळं विसरले. सरळ रुमाल सोडला आणि चिमूटभर तांदूळ त्यांच्या सुपात टाकले. म्हटलं, "मावशी, मला ठाऊक नव्हतं हो. आई लवकर गेली."

त्यांनी सुपात पाहिलं. मग एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसताहसता डोळे पुसले. "अगं बया! आमी म्हनलं, शिकल्याली बाई, मुद्दाम न्हेलं. समदं घ्यायचं, हितं काय बी ठिवायचं न्हाई, तशीच रीत आसंल हिच्या हापिसाची." आणि आत ओरडल्या, "सूनबाई, हिचा कप काढ गं फळीवरला!"

मी इतकी खूश झाले, वहिनी, की चहा पिता पिता मनात ऐंशीचे शंभर टक्के करून टाकले. यशोधरा शेजारी बसली होती. कप खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तांदूळ टाकलेत मॅडम, छान झालं. आकडे कधी टाकताय?"

मला कळेना. कुठले आकडे?

"उन्हाळ्यात नेलेल्या पाण्याचे. वस्तीत तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही लिहून घेतलंत."

शालूबाई लगेच म्हणाल्या, "व्हय, ते बी हायेच की. ही पोर बरोबर बोलती."

म्हणजे बघ. वरच्या गावानं ताट धरून जे विचारलं, तेच खालच्या वस्तीनं तोंडानं विचारलं होतं. नेताय तर चिमूटभर इथे काय ठेवणार? एकाच प्रश्नापुढे मी दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा मला तो दिसला नाही. मी काय म्हणून प्रमुख आहे?

आज प्रयोगशाळेत जाऊन आकडे मागितले. मे महिन्यातल्या पाण्याचे. ते कुणी लपवले नव्हते, कुणी विचारलंच नव्हतं. अहवाल तपासून होईपर्यंत बाहेर द्यायचे नाहीत असा नियम आहे. चार झऱ्यांपैकी तीन ठणठणीत. खालच्या वस्तीच्या झऱ्यात जंतू सापडलेत, उकळल्याशिवाय पिऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. मे महिन्यात लिहिलंय, वहिनी! आणि मी त्या वस्तीत जाऊन तेच पाणी प्यायले, त्यांची मुलं पितात, यशोधरा पिते.

श्रीयश सरांकडे गेले. ते वाचून म्हणाले, "पुन्हा तपासणी व्हायला हवी. विद्यापीठाच्या समितीला विचारावं लागेल. असा अर्धवट डेटा दिला तर उद्या आपलीच मान अडकेल." त्यांचंही चूक नाही, हीच तर पंचाईत. एक आकडा चुकला तर गाव घाबरेल. पण समिती जानेवारीत बसणार, आणि तोवर? मी म्हटलं, तोवर ते पाणी प्यायचं का त्यांनी? तर म्हणाले, "सुनेत्राताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

पगार इथला, कप तिथे.

सांगितलं तर नोकरी जाऊ शकते. नाही सांगितलं तर मला त्या ओसरीवर बसता येणार नाही. सल्ला मागत नाही. फक्त कुणाला तरी सांगायचं होतं, आणि लक्षात आलं की पेन हातात घेतल्यावर तुझंच नाव लिहिलं जातं.

सुनेत्रा

—

तुंगार्ली
१५ डिसेंबर

प्रिय माधवीवहिनी,

सांगून टाकलं.

सहाची रात्र सरू दिली. सात तारखेला वस्तीतली माणसं मुंबईहून परत आली आणि संध्याकाळी मी विहारात उभी राहिले. सगळं सांगितलं: काय सापडलं, कशात सापडलं, तपासणी एकदाच झाली आहे, पुन्हा करायची आहे, तोवर पाणी उकळून प्या. मला वाटलं, चिडतील. म्हातारबुवा एवढंच म्हणाले, "मे म्हैन्यापासनं ठावं व्हतं?" म्हटलं, केंद्राला होतं, मला दोन दिवसांपूर्वी कळलं. त्यांनी मान हलवली आणि पोरींना म्हणाले, आजपासून पातेली चुलीवर चढवा. यशोधरा माझ्याकडे बघत नव्हती. गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं पोट पावसाळाभर दुखत होतं." एवढंच. मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला. पण ती अजून रागावलेली आहे, आणि असावीच.

सकाळी श्रीयश सरांना स्वतःच जाऊन सांगितलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "विद्यापीठाला कळवावं लागेल मला." म्हटलं, कळवा.

काल, चौदाला, ग्रामसभा झाली. या वेळी देवळात नाही, शाळेच्या पटांगणात, म्हणजे वरचं गाव आणि खालची वस्ती एकाच सतरंजीवर. हे शालूबाईंनी ठरवलं. सरही आले होते, हातात कराराच्या सुरेख बांधलेल्या प्रती. दत्तोबाआबा उभे राहिले आणि म्हणाले, गाव तयार आहे. यंत्रं बसवा, पोरं नोंदी घेतील. मग म्हणाले, "पन एक कलम घालायचं. पान्याचा जो काय आकडा निघंल, तो पयला हितल्या फळ्यावर, मराठीत. मंग पुन्याला. आदी सायबाची सही त्या कलमाखाली, मंग आमची."

सगळं पटांगण सरांकडे बघायला लागलं. सरांनी ते कलम दोनदा वाचलं. पेन काढलं, परत खिशात ठेवलं. मग ते हसून म्हणाले, "कल्पना चांगली आहे. मी विचार करून कळवतो."

वहिनी, तुला सांगते, सहा महिने मी जे ऐकत होते, ते आता गाव ऐकत होतं. सरांना चहा दिला, नारळ दिला. मी बघत होते, हे गडी नारळ घेऊन फोटो काढतात की काय. काढला नाही. जाता जाता त्यांनी फळ्याजवळ थांबून खडू उचलला, तीन झऱ्यांसमोर "ठीक" लिहिलं, चौथ्यासमोर "उकळून प्या". स्वतःच्या हातानं. सही केली नाही, पण हे लिहिलं. आता याचा अर्थ काय लावायचा?

गाडी गेल्यावर शालूबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "काय गं, तुजा सायब 'कळवतो' म्हनला. म्हंजी हो का न्हाई?"

मी इतकी हसले, इतकी हसले, की मला खाली बसावं लागलं. त्यांना वाटलं, मला वेड लागलं. म्हटलं, "मावशी, खरंच माहीत नाही हो." त्या म्हणाल्या, "मंग आता काय करायचं?" म्हटलं, "तुम्ही करता तेच. ताट धरून उभं राहायचं."

माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. करार होईल की नाही, माहीत नाही. यशोधरा आज कामावर आली, माझ्याशी कामापुरतं बोलली, डब्यातली भाजी मात्र दिली. त्याचाही अर्थ लावायचा मी आता नाद सोडलाय.

आता तुझं. तू भरलेली ओटी मी कधी शिजवली नाही. त्याच खणात बांधून कपाटात ठेवली, लोकरीच्या कपड्यांखाली. रागानं ठेवली, पण टाकली नाही, हे कालच माझ्या लक्षात आलं. आज गाठ सोडली. नारळ आतल्या आत सुकून खडखडतोय. तांदळात टोके झालेत, पार भुगा. तासभर खिडकीत बसून निवडले, तेव्हा चिमूटभर धड दाणे निघाले. तेवढे पुरतात ना?

रविवारी सकाळी येते. दादा घरी असला तरी चालेल, आत्याबाई असल्या तरी चालेल. भांडण झालं तर होऊ दे, मी बॅग आणणार नाही, म्हणजे उचलून निघता येणार नाही. तू फक्त ताट घेऊन दारात ये.

हो की नाही, ते कळवू नकोस. मी येतेय.

तुझी,
सुनेत्रा